बांधावर नाव घेऊ नये

माझा चुलतभाऊ धर्मादादा, याला कोणी हाक मारली तर तो ओ देत नाही. उठतो, हाक मारणाऱ्यापर्यंत चालत जातो, त्याचं तोंड नीट बघतो आणि मग म्हणतो, "बोल." नवीन माणसाला वाटतं म्हातारा बहिरा आहे. बहिरा कसला, खाडीचं पाणी फिरलं की त्याला घरात बसून कळतं. हे असं का झालं ते मला ठाऊक आहे आणि त्याच्या बायकोला थोडंफार. मी आत्माराम, पोस्टातून निवृत्त झालेला. भुताखेतांच्या गप्पा मारणाऱ्याला तोंडावर "चल, हट" म्हणणारा माणूस, अशी माझी गावात ख्याती आहे. पुढचं वाचताना तेवढं लक्षात असू द्या.

आमचं गाव गोखिवऱ्याच्या खालच्या अंगाला, खाडीला चिकटून. खारं पाणी भाताच्या शेतात घुसू नये म्हणून वाडवडिलांनी मातीचा लांब बांध घातला. बांधात एक लाकडी दार, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. भरतीला ती पाडायची, ओहोटीला उचलून शेतातलं पाणी खाडीत सोडायचं. हे काम दादाच्या घराण्याकडे. पाऊस असो, ताप असो, घरात लग्न असो, पाण्याच्या वेळेला दादा उघाडीवर हजर. आम्ही त्याला चिडवायचो, की तुझी खरी बायको ती उघाडी, कमळीवहिनी आपली जेवण करण्यापुरती. वहिनीलाही ते पटायचं.

त्या बांधावर कोणी कोणाचं नाव घेत नाही. हा आमच्या गावाचा जुना नेम. नावाऐवजी कूक. तोंडाशी ओंजळ धरून काढायचा लांब आवाज, आणि प्रत्येक घराची कूक वेगळी. दादाच्या घरची शेवटी वर चढते, आमच्या घरची खाली पडते. जेवायला बोलवायचं असो की साप निघालेला असो, कूक घालायची. नाव घेतलं की खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीतलं ते शिकतं, असं म्हातारी माणसं सांगायची. 'ते' म्हणजे काय, असं विचारलं की पाठीत धपाटा बसायचा. मी बरेच धपाटे खाल्ले.

दादाला एक थोरला भाऊ होता. आम्ही दोघं हाफपँटीत असतानाची गोष्ट. शेतावर आलेल्या पाहुण्याने मस्करीत त्याला बांधावरून नावाने हाक मारली, त्यावर मोठी माणसं पाहुण्याला खूप बोलली, आणि विषय संपला. मग काही दिवसांनी भर दुपारी थोरला बांधावर गवत कापत होता. दादा आणि मी खाली चिखलात निवटे मासे पकडत होतो. थोरल्याने मान वर केली, "ओ" म्हणाला, "आयलो गं आये" म्हणाला आणि कोयता ठेवून तिवरांकडे चिखलात उतरला. काकी, म्हणजे त्या दोघांची आई, त्या वेळी घरी भाकऱ्या भाजत होती. मग भरती आली. माणूस मिळाला नाही, कोयता तेवढा मिळाला.

भरतीत सापडला, असं सगळे म्हणाले. मीही तेच म्हणत आलो. त्याचं नाव मात्र मी इथे लिहिलेलं नाही, आणि लिहिणार नाही.

काकी पुढे पुष्कळ वर्षं जगली. संध्याकाळी ओटीवर बसून एकच गोष्ट सांगायची. "ते आपल्या मानसाच्या आवाजात बोलवतं. ज्याच्यावर जीव हाय त्याच्या आवाजात. घरातल्या दुसऱ्या कुनी ओ दिली का हाक त्याच्यावर जाते, पोर सुटतं. मी बांधावर असते तं मीच ओ दिली असती." दादा तिच्या पायाशी बसून हे ऐकायचा. मी मात्र कंटाळून घरी जायचो.

आता ते शेत नाही. सातिवलीची गोदामं वाढत वाढत आमच्या बांधापर्यंत आली. भाताच्या जागी डबर टाकून एक अवाढव्य पत्र्याचं गोदाम उभं राहिलं. देशभरातून माल येतो, खोक्यांत भरून देशभर जातो. पाठीमागच्या भिंतीला लागून एक नाला, नाल्यापलीकडे उरलेला बांध, बांधापलीकडे तिवरं आणि खाडी. उघाडी अजून आहे. तिच्यामागे वाचवण्यासारखं काही उरलेलं नाही, तरी दादा रोज पाण्याच्या वेळेला जातो, दार पाडतो, दार उचलतो. "सवय," म्हणतो. मी त्याला सांगितलं, पेन्शन नसलेली अशी नोकरी जगात दुसरी नसेल.

दादाची एकुलती एक मुलगी संजना. लग्नानंतर फार उशिरा झालेली. घरात तिला बाय म्हणायचे. तिला लहानपणी बांधावर नेलं तरी दादा तोंडातून अक्षर काढायचा नाही, कूक घालायचा, आणि ती फ्रॉक सावरत धावत यायची. पुढे ती वसईच्या कॉलेजात गेली, बी.कॉम. झाली. मग सुरू झाले अर्ज आणि मुलाखती. कधी ठाणे, कधी अंधेरी, आणि सगळीकडून 'कळवतो'. कळवलं कोणीच नाही. वहिनीने जीवदानीला नवस केला. दादा काही बोलायचा नाही, पण मुलगी मुलाखतीला गेली की दिवसभर अंगणात फेऱ्या घालायचा, आणि ती पडलेल्या चेहऱ्याने परत आली की मुद्दाम उठून परसात जायचा. बापाचं तोंड बघून पोरीला आणखी वाईट वाटू नये म्हणून.

आणि शेवटी नोकरी लागली ती कुठे, तर त्याच गोदामात. माल कुठल्या गाडीत चढवायचा ते बघणाऱ्या ऑफिसात. चालत जाण्याच्या अंतरावर. वहिनीने घरोघर पेढे दिले. मी दादाला म्हटलं, "बघ, तू खाली पाणी सोडायचास, पोरगी वर माल सोडणार. धंदा घराण्यातच राहिला." तो इतका हसला की त्याला ठसका लागला. त्याला इतकं खूश मी त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

नवीन काम धरलं की बांधाला नारळ द्यायचा, हीही आमच्याकडची रीत. संजना कामावर रुजू झाली त्या दिवशी दुपारी दादा नारळ घेऊन निघाला. मला बरोबर नेलं. नारळ फोडला, पाण्यात टाकला, आणि तेवढ्यात गोदामाच्या मागच्या लोखंडी जिन्यावर संजना आली. जेवणाची सुट्टी असावी. इस्त्रीचा कुर्ता, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात डबा. बरोबर एक मैत्रीण. उन्हात ती इतकी मोठी, इतकी ऐटबाज दिसत होती की मलाही भरून आलं.

दादाने दोन्ही हात वर केले आणि पूर्ण जोर लावून ओरडला, "संजनाऽऽ!"

तिने हसून हात हलवला आणि आत गेली. दादाचे हात तसेच वर राहिले. चेहऱ्यावरचं हसू निघून गेलं, पण हात खाली आले नाहीत. मीच ते धरून खाली आणले.

"मी नाव घेतलं," तो म्हणाला.

"घेतलंस तर घेतलंस. बापाने पोरीचं नाव घ्यायचं नाही तर कोणी?"

तेव्हा तिवरांतून आवाज आला. "संजनाऽऽ." अगदी दादाचाच, पण आम्ही एवढं बोलून झाल्यावर आलेला. मी म्हटलं, पत्र्याची भिंत आहे, आवाज आपटून येतो. दादा माझ्याकडे बघत राहिला. गोदामाची भिंत आमच्या पाठीशी होती आणि आवाज समोरून आला होता, हे मलाही दिसत होतं. मी ते बोललो नाही.

पुढचे काही दिवस बरे गेले. संजना दमून यायची, पण तोंड फुललेलं. ऑफिसातल्या गमती सांगायची. गोदाम एवढं मोठं की माणसांना माईकवरून पुकारतात. "संजना भोईर, डॉक नंबर चार." हे ती नाकात बोलून दाखवायची आणि वहिनी पदर तोंडाला लावून हसायची. दादा हसायचा नाही. त्याने तो माईक बांधावरून ऐकला होता. दिवसातून कितीदा तरी त्याच्या लेकीचं नाव खाडीवरून जात होतं, आणि त्या पाण्याला ते आता पाठ झालं असणार, असं तो मला म्हणाला.

मग एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसलो होतो. संजना जेवता जेवता म्हणाली, "बाबा, प्लीज एक सांगू? तुम्ही रोज सुटायच्या टायमाला मागून हाका मारता ना, नका मारू. प्रिस्का मला चिडवते. तुझे पप्पा आले बघ, बेबीला न्यायला." प्रिस्का म्हणजे जिन्यावर दिसलेली तिची मैत्रीण, वसई गावातली.

वहिनीच्या हातातला डाव थांबला. "कदी मारल्या हाका?"

"अगं, रोज. आजपण. आम्ही दोघींनी ऐकलं."

दादाची कंबर धरली होती. पोरीला कळू दिलं नव्हतं, पण तो दोन दिवस खाटेवरून उठला नव्हता, उघाडीवरही गेला नव्हता. मी स्वतः त्याला तेल चोळून दिलं होतं. दादाने माझ्याकडे पाहिलं आणि मग मुलीला अगदी हळू विचारलं, "तू ओ दिलीस?"

"नाही. हेडफोन कानात घालून ऐकलंच नाही असं दाखवते. आणि लाज वाटते हो बाबा. का?"

"देऊ नको," दादा म्हणाला. "आनि उद्यापासून जाऊ नको तिथं."

मग जे भांडण झालं ते होणारच होतं. पेढे वाटले, नवस फेडला, आणि आता घरी बस? संजना रडली, चिडली, ताट सोडून उठली. "तुम्हाला मी कुठे जायलाच नको आहे!" असं म्हणाली. ते दादाला फार लागलं. बांधाची गोष्ट त्याने तिला सांगितली नाही. मी सांगू लागलो तर मला डोळ्यांनी दटावलं. आणि मी काय केलं? मी पुतणीची बाजू घेतली. दादाला बाहेर नेऊन चांगला फैलावर घेतला. "काकीच्या गोष्टी ऐकून पोरीच्या पायात दोरी बांधतोस? तिथे कोणी टवाळ असेल, तुझी नक्कल करत असेल."

"माजी नक्कल कोन करील, आत्मा? मना वलखतो कोन?" तो म्हणाला. मग म्हणाला, "ती म्हनते मना तिनं जायला नुको हाय. मना सगल्यात जास्त तेच पायजे हाय रं. तिनं जावं. पन बोलावल्यावर परत यावं."

त्याचे डोळे भरले होते.

संजना दुसऱ्या दिवशी कामावर गेलीच. त्या दिवशी उधाणाची भरती होती. दिवस कलायला लागल्यावर दादा काठी टेकत निघाला. मी मागे गेलो, त्याला मूर्ख ठरवायला म्हणा किंवा सोबत म्हणून. पाणी बांधाच्या कडेला लागलं होतं. बगळे नव्हते. एरवी त्या वेळी तिवरं बगळ्यांनी पांढरी होतात. आम्ही उघाडीजवळ उभे राहिलो. दादाने ओठ घट्ट मिटले होते आणि मी त्याच्या तोंडाकडेच बघत होतो, हे मी शपथेवर सांगतो.

"संजनाऽऽ!"

दादाचा आवाज. तिवरांतून. आणि तो भेसूर नव्हता हो, तसा असता तर बरं झालं असतं. त्या पहिल्या दिवशीचा सगळा आनंद जसाच्या तसा त्यात होता.

गोदामाचं मागचं दार उघडलं. संजना बाहेर आली, तणतणत, आज बाबांना पकडतेच अशा थाटात. हेडफोन गळ्यात उतरवलेला. नाल्यावर टाकलेल्या फळीवरून ती बांधावर चढली, आमच्यापासून बरीच लांब. सूर्य तिच्या डोळ्यांवर होता, तिला आम्ही दिसलो नाही. ती तिवरांकडे बघत होती.

दादाने ओंजळ तोंडाशी धरून कूक घातली. शेवटी वर चढणारी, त्यांच्या घरची. संजना दचकली, आमच्या बाजूला वळली. तेवढ्यात पुन्हा आली ती हाक, तशीच मायेची, जरा जवळून. ती परत तिकडे फिरली. एक पाऊल उतारावर टाकलं. मी स्पष्ट पाहिलं, तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"ओऽऽ!" दादा ओरडला. "ओ! मी हाय! ओ!"

कंबरेचं दुखणं विसरून तो तिच्या दिशेने धावला. सगळीकडे एकदम शांत झालं. गोदामातले पंखे चालू असणार, हायवेवर गाड्या असणार, पण मला काही ऐकू येत नव्हतं. मग तिवरांत पाणी हललं, मोठं माणूस कूस बदलतं तेवढं, आणि भरती ओसरू लागली. ओहोटीची वेळ अजून झालेली नव्हती. ते दादालाही कळलं. तो संजनाचा दंड धरून उभा होता आणि उघाडीकडे बघत होता.

"काय हे बाबा?" संजना म्हणाली. "पाणी किती आहे! आणि स्वतःच हाक मारता, स्वतःच ओ देता?"

"मजा केली," दादा म्हणाला. "चल घरी."

तिला कधीच काही सांगायचं नाही, असं त्याने माझ्याकडून वचन घेतलं. तिची पहिली नोकरी आहे, तिला कामाला जाताना भीती वाटता कामा नये. त्याला माझा राग आला असता तर बरं झालं असतं, पण त्याने मला एका शब्दाने दुखावलं नाही. मीच घरी येऊन देवापुढे बसलो, कित्येक वर्षांनी.

संजनाला त्यानंतर कोणी हाक मारली नाही. ती कामात रुळली, तिला साहेब लोक मानू लागले, प्रिस्काबरोबर चिंचोटीला सहलीला गेली, पहिल्या पगारातून बापाला चपला आणल्या. दादा त्या चपला घालून गावभर फिरला. फक्त ओ देणं त्याने सोडलं. घरातही. बाय आतून "बाबा!" म्हणाली की हा उठून दारात जाऊन उभा. ती म्हणायची, "ओ तरी द्या ना हो, दचकायला होतं." हा तिच्या तोंडाकडे बघायचा, तीच आहे याची खात्री करायचा आणि हसायचा.

वर्षाच्या आत तिला कंपनीने पुण्याच्या मोठ्या ऑफिसात घेतलं. बढती. पुन्हा पेढे. जायच्या सकाळी रिक्षात बसून तिने हाक मारली, "बाबा, येते हां!" दादा अंगणातून चालत रिक्षापर्यंत गेला आणि तिच्या गालाला हात लावला. वहिनी रडली. दादा रडला नाही. लेक बांधापासून लांब चालली होती, त्याच्या तोंडावर मला सुटका दिसली. रिक्षा वळेपर्यंत ती टिकली.

सुरुवातीला संजनाचा रोज फोन यायचा. मग रविवारी. मग काम जास्त असलं की तोही नाही. पोरगी चांगली आहे, तिचा दोष नाही, सगळ्यांच्या मुलांचं असंच होतं. दादा तिला दोष देत नाही. तो संध्याकाळी उघाडीवर जाऊन बसतो.

गेल्या आठवड्यात मी गेलो तेव्हा भरती चढत होती. त्याच्या पायात त्या चपला होत्या, झिजलेल्या. मी शेजारी बसलो. म्हटलं, "फोन आला का बायचा?"

"फोन नाय आला," तो म्हणाला. "पन ती रोज बोलवते."

आणि मग मीही ऐकलं. तिवरांतून, स्वच्छ, लहानपणी फ्रॉक सावरत धावताना मारायची तशी. "बाबाऽऽ!" पोरगी पुण्यात आणि आवाज पाण्यावर. हा म्हणे ती गेल्यापासून ऐकतो. एक दिवस चुकत नाही. आधी खाडीच्या पलीकडून यायचा, आता काठावरून येतो. मी म्हटलं, दादा, ऊठ, घरी चल, उद्यापासून इथे यायचं नाही. तो उठला नाही.

"आमच्या आयेला तिच्या पोराचं बोलावनं कदी आयकायला नाय भेटलं," तो म्हणाला. "मना रोज भेटतं."

पुन्हा हाक आली. दादाच्या गळ्याची घाटी हलली. मी त्याचा हात पकडला, दोन्ही हातांनी, होता नव्हता तेवढा जोर लावून.

"आत्मा," तो अगदी हळू म्हणाला, "पोर बोलवते नि बाप गप बसतो. किती दिवस बसू रं असा?"

मी आता रोज पाण्याच्या वेळेला त्याच्या आधी जाऊन बसतो. संजनाला काल फोन केला, नुसतं एवढंच म्हटलं, की बाय, बापाला रोज एकदा हाक मार गं, संध्याकाळी, पाणी चढायच्या आधी. ती म्हणाली, "काका, मीटिंगमध्ये आहे, नंतर करते."